तलावाची पाळ आणि सर्व्हरची स्मृती



गोंदिया जिल्ह्याची ओळख धान आणि तलाव या दोन शब्दांत सामावलेली आहे. १ मे १९९९ रोजी हा जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याची जलव्यवस्था मात्र कितीतरी जुनी आहे. नवेगावचा विस्तीर्ण बांध अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी उभारला. तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांना पाणी किती साठेल, एवढेच पाहून भागत नसे. तुडुमातून पाणी किती वेगाने सुटेल, शेवटच्या बांधीपर्यंत ते केव्हा पोहोचेल आणि पाळ फुटल्यास काय, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे होते.

आज त्याच शेतकऱ्याचे हित आणखी एका साठ्यावर अवलंबून आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आधारभूत किमतीने धान विकण्यासाठीही ऑनलाइन नोंदणी करावी लागते. म्हणूनच असंख्य लोक एकाच वेळी वापरतील अशा सर्व्हरची स्मृती, म्हणजे रॅम, आणि त्याचा कायमचा साठा कसा निवडावा, हा विषय आता केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

पहिला विचार वेगाचा. रॅममधून माहिती मिळण्यास साधारणतः एका सेकंदाचा एक कोट्यंश भाग लागतो. एसएसडीला त्याच्या सुमारे हजारपट, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला सुमारे लाखपट वेळ लागतो. रॅमचे काम एका सेकंदाचे मानले, तर एसएसडीचे सतरा मिनिटांचे आणि हार्ड डिस्कचे सव्वा दिवसाच्या आसपास होईल. शेताशेजारची बोडी आणि दूरचा मोठा तलाव यांत जो भेद, तोच हा. बोडी लहान, पण हाताशी. मात्र ती आटते. वीज गेली की रॅमही रिकामी होते. त्यामुळे दोन्ही हव्यातच. प्रश्न प्रमाणाचा आहे.

नोंदणीचा अंतिम दिवस डोळ्यांसमोर आणावा. एक हार्ड डिस्क विखुरलेली माहिती सेकंदाला सुमारे १०० वेळा वाचू शकते. एका शेतकऱ्याचे पान उघडण्यास असे दहा शोध लागत असतील, तर सेकंदाला दहाच पाने उघडतील. पाच हजार जण एकदम आले, तर शेवटच्या माणसाला आठ मिनिटांहून अधिक थांबावे लागेल. तो कंटाळून पुन्हा बटण दाबतो आणि रांग आणखी वाढते. डिस्कवर जागा भरपूर रिकामी असूनही सर्व्हर 'बंद पडला' असे वाटते. तलाव भरलेला, पण तुडूम अरुंद, अशीच ही अवस्था!

दुसरा विचार मोजमापाचा. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. समजा, एखाद्या संस्थेकडे दोन हजार चिन्हांच्या पाच लाख नोंदी आहेत. त्यांचा मजकूर सुमारे तीन जीबी भरतो. अनुक्रमणिका धरूनही तो रॅममध्ये सहज मावेल. त्याच कागदांची प्रत्येकी अर्ध्या एमबीची छायाचित्रे मात्र २५० जीबी होतात. म्हणून नित्य लागणारा मजकूर आणि त्याच्या अनुक्रमणिका मावतील एवढी रॅम घ्यावी, वाढीसाठी थोडी जागा राखावी. ज्यात सतत नोंदी होतात तो साठा एसएसडीवर असावा आणि क्वचित उघडली जाणारी छायाचित्रे स्वस्त हार्ड डिस्कवर ठेवावीत. सरसकट सर्वांत महाग ते घेणे म्हणजे संस्थेच्या पैशाचा अपव्ययच होय.

तिसरा विचार सत्यतेचा, आणि तोच सर्वांत गंभीर आहे. देवनागरी '०' आणि '१' यांच्या युनिकोड संकेतांत केवळ एका बिटाचा फरक आहे. रॅममधील एक बिट चुकून उलटला, तर एक हेक्टरची नोंद शून्य होऊ शकते! अशी एका बिटाची चूक आपोआप दुरुस्त करणारी ईसीसी रॅम मिळते. जेथे लोकांच्या जमिनीची आणि पैशाची नोंद आहे, तेथे तिच्यात काटकसर करू नये. एसएसडीही वीज गेल्यावर हातातले लेखन पूर्ण करू शकेल अशा संरक्षणाची असावी, आणि ती आयुष्यभरात किती लेखन सोसेल याचा निर्मात्याने दिलेला आकडा पाहूनच घ्यावी.

शेवटचा विचार पाळ फुटण्याचा. एकच माहिती दोन डिस्कवर लिहिण्याची 'रेड' पद्धत एक डिस्क बिघडली तरी काम चालू ठेवते. पण चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून पुसली जाते. म्हणून बॅकअप वेगळाच हवा. एक प्रत गोंदियात असेल, तर दुसरी नागपुरात किंवा आणखी दूर असावी. ठरावीक काळाने ती प्रत्यक्ष उघडून पाहावी. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबणे हे न पाहिलेल्या पाळीवर विसंबण्यासारखेच आहे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. तलाव 'माजी मालगुजारी' या नावाने उरले. जेथे गाळ निघाला आणि पाळ राखली गेली, तेथेच त्यांचे पाणी टिकले. सर्व्हरचेही तसेच आहे. खरेदी एका दिवसात होते, राखण मात्र रोजची असते. जिल्ह्यातील संगणक शिकलेल्या तरुणांनी गावच्या सेवा संस्थेत ही राखण स्वीकारली, तर शेवटच्या दिवशी आलेला शेतकरीही नोंदणी पूर्ण करूनच घरी परतेल.