जंजिरा : हबशी सरदारांचे राज्य

(परभणी येथील व्याख्यानाचा गोषवारा)



जंजिरा म्हटले की अजिंक्य जलदुर्ग आठवतो आणि सिद्दी म्हटला की शत्रू. शालेय पुस्तकांत एवढेच असते. परंतु आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांनी कोकणकिनाऱ्यावर तीन शतकांहून अधिक काळ राज्य चालविले आणि त्या कथेचा एक धागा आपल्या पाथरीपर्यंत येतो.

ज्या अहमदनगरच्या निजामशाहीच्या चाकरीत हे हबशी सरदार पुढे आले, त्या राजघराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण होते, असे इतिहासकार फेरिश्ता लिहितो. पूर्वजांच्या गावासाठीच बुऱ्हाण निजामशाहाने १५१८ मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीकडून पाथरी जिंकून घेतली. बालपणी विकला गेलेला मलिक अंबर याच निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला.

१६३६ मध्ये निजामशाही बुडाली, जंजिरा टिकला. सिद्दींनी प्रथम विजापूरचा, नंतर मोगलांचा आश्रय धरला. शिवाजी महाराजांनी जवळच पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये दगडांचा भराव घालून किल्ल्यापर्यंत पोहोचण्याचा यत्न केला. तोफांचे कौतुक सर्वच करतात. मला मात्र भर समुद्रातील त्या गोड्या पाण्याच्या दोन तलावांचे मोल अधिक वाटते. पाण्यावाचून किल्ला किती दिवस लढला असता?

आणखी एक विशेष. प्रारंभी तेथील गादी वंशपरंपरेची नव्हती. सिद्दी सरदार आपल्यातूनच एकास प्रमुख निवडीत. अर्थात हे मत सरदारांचे. शेतकरी व कोळी प्रजेला कोणी विचारीत नव्हते. पेशव्यांचे पूर्वज भट हे याच मुलखातील श्रीवर्धनचे देशमुख. सिद्दीच्या जाचामुळेच बाळाजी विश्वनाथांनी गाव सोडल्याचे सांगतात. पुढे १७३६ मध्ये त्यांचेच पुत्र चिमाजी अप्पा यांच्याशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. तरीही किल्ला पडला नाही.

जे आरमारांना जमले नाही, ते अखेर प्रजेने केले. जानेवारी १९४८ मध्ये नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया आदींच्या नेतृत्वाखाली म्हसळा, श्रीवर्धन भागातील लोक उठले आणि मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. परभणीकरांना निजामी राजवटीतून सुटण्यासाठी मात्र त्यानंतरही सहा महिने, १७ सप्टेंबरपर्यंत, वाट पाहावी लागली.