नऊ गेली, नऊ आली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पंडरी, रायपूर येथे केलेले भाषण)



या व्याख्यानमालेसाठी आम्हांस पाचारण करताना चिटणीसांनी विषयाची निवड आमच्यावरच सोपवली. आम्ही साधे बी. ए.; हयात केंद्र सरकारच्या कचेरीत फायलींवर शेरे मारण्यात गेली. तेव्हा आम्ही आज विमानांविषयी बोलणार हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. परंतु हा विषय आम्ही निवडला नाही, तोच आमच्या मागे लागला आहे.

५ नोव्हेंबर २०२५ चा दिवस आपणां सर्वांच्या स्मरणात असेल. छत्तीसगड राज्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त नवा रायपूर येथे सेंध जलाशयावर भारतीय वायुदलाच्या सूर्यकिरण पथकाने हवाई कसरती केल्या. पंडरीतून आपली बरीच कुटुंबे गेली होती. डबे, पाण्याच्या बाटल्या, सतरंज्या असा सगळा सरंजाम होता. आमच्या शेजारी आपल्या मंडळाचे एक वयोवृद्ध सभासद बसले होते. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त होऊन ते मुलाकडे राहावयास आले आहेत. विमाने डोक्यावरून गेली, सगळा काठ ओरडला. काका मात्र ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होते. कान देऊन ऐकले तर ते म्हणत होते, "नऊ गेली, नऊ आली." शेवटची फेरी झाली, टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांचे हात मांडीवरच. आम्ही विचारले, "काका, आवडले नाही का?" ते म्हणाले, "अहो, अजून उतरायची आहेत. टाळी उतरल्यावर."

परतीच्या वाटेवर गाडीत वाद जुंपला. तरुण मंडळींचे म्हणणे असे, की जवळच आपले शहीद वीर नारायण सिंह क्रिकेट मैदान आहे. तेथील सामन्याआधीही अशी विमाने यावीत. एका भगिनींनी विचारले, "खेळाच्या मैदानावर लढाऊ पथकाचे काय काम?" दोन्ही बाजू आम्हांस पटल्या, आणि म्हणूनच त्या रात्री झोप लागली नाही.

या प्रथेचे जुने उदाहरण म्हणून अमेरिकेतील १९१८ च्या बेसबॉल मालिकेकडे बोट दाखवतात. पहिले महायुद्ध चालू होते आणि शिकागोच्या मैदानावरून लष्करी विमाने गेली. युद्धकाळात खेळ चालू ठेवावा काय, या शंकेला ते जणू आकाशातून दिलेले उत्तर होते. पुढे युद्ध संपले, प्रथा राहिली. आपल्याकडे अगदी ठळक प्रसंग १९ नोव्हेंबर २०२३ चा. अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यापूर्वी सूर्यकिरणच्या नऊ हॉक विमानांनी मैदानावर कसरती केल्या. त्या वेळी वायुदलप्रमुख होते एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी. ते मूळचे नांदेड जिल्ह्यातले, आणि सूर्यकिरण पथकाच्या आरंभीच्या सदस्यांपैकी एक. मराठी माणसाची मान ताठ व्हावी अशीच ही गोष्ट आहे. रंगीत धुराची उपकरणेही नाशिकच्या वायुदल दुरुस्ती आगारात तयार झालेली आहेत.

आता या कसरतींत अवघड काय असते? दोन विमानांच्या पंखांत कित्येकदा जेमतेम पाच मीटर अंतर असते. विमान ताशी ५४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ते एका सेकंदात १५० मीटर कापते. पाच मीटर कापावयास त्याला सेकंदाचा तिसावा भाग पुरतो. पापणी लवण्याइतकाही तो अवधी नव्हे. पुढे पाहतो तो केवळ म्होरक्या. बाकीचे आठ जण आपापल्या शेजारच्या विमानावर नजर खिळवून असतात. शेजाऱ्यावर एवढा विश्वास आम्ही कचेरीत तीस वर्षांत पाहिला नाही.

आणखी एक गंमत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. विमान एक किलोमीटर दूर असताना निघालेला आवाज आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत ते साडेचारशे मीटर पुढे गेलेले असते. म्हणून आवाजाच्या दिशेने पाहणाऱ्याला विमान सापडत नाही. त्याच्या पुढे पाहावे लागते. आम्हांस वाटते, या विषयाचेही तसेच आहे. आपण आवाजाकडे पाहतो आणि माणूस केव्हाच पुढे गेलेला असतो.

तो माणूस कोणती किंमत देतो? १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरजवळ येलहंका येथे सरावात सूर्यकिरणची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी यांना प्राणास मुकावे लागले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे आपण सेंधच्या काठावर बसलो होतो त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, दुबईच्या प्रदर्शनात तेजस विमान कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले. किंमत कधी प्रेक्षकही देतात. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर कसरती पाहावयास लोटलेल्या गर्दीत, रणरणत्या उन्हात, पाच जण दगावले. आकाशात सारे नीटनेटके होते. जमिनीवर पाणी, सावली आणि बाहेर पडण्याची वाट अपुरी पडली.

फायलींच्या सवयीने खर्चाचाही विचार मनात आलाच. समर्थक म्हणतात, वैमानिकांना ठरावीक तास उडावेच लागते. ते तास मैदानावर खर्ची पडले तर बिघडले काय? नेमक्या क्षणी नेमक्या जागी पोहोचणे हाही सरावच. हे आम्हांस मान्य आहे. परंतु अभिमान विकत घेता येतो असे वाटू लागले की घोटाळा होतो. अमेरिकेत २०१५ साली दोन सिनेटरांच्या अहवालाने दाखवून दिले, की मैदानावरील देशभक्तीच्या अनेक सोहळ्यांसाठी संरक्षण खात्याने क्रीडासंघांना पैसे मोजले होते. प्रेक्षक मनापासून उभे राहत होते आणि मागे बिल फाटत होते. आपल्या वायुदलाचे एक उदाहरण आम्हांस याउलट आणि मोठे वाटते. २०११ मध्ये नव्या वैमानिकांच्या शिक्षणास विमाने कमी पडू लागली, तेव्हा सूर्यकिरणची किरण विमाने प्रशिक्षणाकडे वळवून पथक थांबवण्यात आले. काही वर्षांनी ते हॉक विमानांवर पुन्हा उभे राहिले. आधी शाळा, मग सोहळा, हा क्रम ज्याला कळतो त्याचा सोहळा पाहावयास आमची हरकत नाही.

तर आमचे मत विचाराल तर ते असे. विमाने मैदानावर जरूर यावीत. पण क्वचित यावीत, काही निमित्ताने यावीत, आणि खाली बसलेल्यांच्या पाण्याची व सावलीची सोय आधी व्हावी. पाहणाऱ्यांनी त्यांत शत्रूला दिलेली धमकी शोधू नये. नऊ माणसांनी एकमेकांवर टाकलेला विश्वास पाहावा.

अहमदाबादचा तो दिवस आठवा. आपला संघ सहा गड्यांनी हरला. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्या रात्री पाने तशीच उठली. परंतु नऊ विमाने सुखरूप उतरली होती. हरल्याचे दुःख आम्ही अजून विसरलो नाही, आणि हे सुख त्या दिवशी आमच्या ध्यानातही आले नाही.

मित्रहो, आपण मुलूख सोडून आलेली माणसे. आपल्या घरांत एक रीत आहे. कोणी नागपूरला निघो, पुण्याला निघो की परदेशी, उंबरठ्यावर एकच वाक्य ठरलेले, "पोहोचल्याचे कळव." पूर्वी त्यासाठी पोस्टकार्ड येई, मग तार, आता फोन. ते कळेपर्यंत आईच्या घशाखाली घास उतरत नसे. निरोप देताना आपण हात हलवतो, पण जीव भांड्यात पडतो तो पोहोचल्याचे कळल्यावर. ओझरचे काका त्या दिवशी नेमके हेच करीत होते. नऊ अनोळखी मुलांच्या पोहोचल्याच्या पत्राची ते वाट पाहत होते.

तेव्हा पुढच्या खेपेस विमाने डोक्यावरून गेली की मुलाबाळांना एवढेच शिकवा: मोजा. नऊ गेली, नऊ आली. आणि टाळी उतरल्यावर.