तव्यावरची मशेरी आणि पोटातले बाळ

(भिवपुरी येथील माता-मेळाव्यात केलेले भाषण)



गांजा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिलीम ओढणारा पुरुष उभा राहतो. गर्भवतीचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटते. परदेशात मात्र मळमळ थांबावी म्हणून काही गर्भवती गांजा ओढतात. त्यातील मादक द्रव्य वारेतून गर्भापर्यंत पोहोचते, पुढे आईच्या दुधातही उतरते. मूल हलके किंवा अपुर्‍या दिवसांचे जन्मण्याची शक्यता त्यामुळे वाढते. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजावर बंदी आहे. भांगेची पाने त्या व्याख्येत येत नाहीत, पण म्हणून ती गर्भाला निरुपद्रवी ठरत नाहीत.

तथापि नेरळ-कर्जतच्या या पट्ट्यात मला गांजापेक्षा अधिक भय वाटते ते चुलीवरच्या तव्याचे. तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची आणि डबीत भरायची. माझ्या आजीच्या उशाशी अशी डबी असे. मशेरीला कोणी व्यसन म्हणतच नाही. ते ‘दात घासणे’! दिवस गेले, मळमळू लागले, पोट साफ होईना, की तीच बोटभर अधिक लावली जाते. सल्ला बहुधा सासूचाच असतो. (येथे बसलेल्या सासूबाईंनी रागावू नये.)

डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी मुंबईत घरोघर जाऊन १,२१७ गर्भवतींची नोंद केली व प्रसूतीपर्यंत पाठपुरावा केला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००४ साली निष्कर्ष आले. धूरविरहित तंबाखू वापरणार्‍या, त्यातही बहुसंख्य मशेरी लावणार्‍या, मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याची शक्यता जवळजवळ पाचपट आढळली.

१०५ ग्रॅम म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु अडीच किलोच्या काठावरचे बाळ तेवढ्याने काठाखाली जाते. असे बाळ दूध ओढताना थकते, लवकर गार पडते, जंतुसंसर्गाला चटकन बळी पडते. आणि यात धूर कोठेच नाही. निकोटीन हिरडीतून रक्तात जाते, रक्तवाहिन्या आखडतात, वारेकडे रक्त कमी पोहोचते.

दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून केंद्राची बंदी आहे. घरच्या तव्यावर कोणता निरीक्षक येणार? आपल्या घरांत गर्भसंस्काराची चर्चा हौसेने होते, डोहाळजेवणे थाटात होतात. त्याच घरात कामाला येणारी गर्भवती मशेरी लावते का, हे मात्र कोणी विचारत नाही.

पाचवा महिना लागला असेल तरी मशेरी सोडण्यात लाभच आहे. मळमळीवर, बद्धकोष्ठतेवर गर्भाला न बाधणारी औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावीत. आशाताईंपासून डबी लपवू नये. आता आपले प्रश्न येऊ द्यात. प्रथम सासूबाईंचे.