मुंगीची वाट आणि गृहस्थाचा विवेक

जैन शास्त्रात मुंगीची गणना त्रींद्रिय जीवांत केली आहे. स्पर्श, रस आणि घ्राण ही तिची तीन इंद्रिये. घरात शिरणारी रांग चालते ती मुख्यतः या तिसऱ्या इंद्रियाच्या आधारे. अन्न सापडलेली मुंगी परतताना वाटेवर गंध सोडीत जाते आणि इतर मुंग्या त्या गंधाच्या मागाने येतात.

औषध फवारल्याने रांगेतील मुंग्या मरतात. भिंतीआडची राणी सुरक्षितच राहते. इमारतींतून आढळणाऱ्या फॅरो जातीच्या बारीक, पिवळसर मुंग्यांच्या वसाहतीत तर अनेक राण्या असतात. फवारणी होताच ती वसाहत फुटते आणि एकीच्या अनेक होतात. हिंसा घडते ती घडतेच, उपद्रवही वाढतो.

म्हणून गृहस्थाने प्रथम रांग कोठून येते ते पाहावे. मुंग्यांना मऊ कुंचल्याने अलगद बाजूस करावे, त्यांची वाट साबणाच्या पाण्याने पुसावी आणि रांग ओसरल्यावर भेग पांढऱ्या सिमेंटने बुजवावी. साखर-गूळ घट्ट झाकणाच्या डब्यात असावा, खरकटी भांडी रात्रभर राहू नयेत, गळका नळ वेळीच दुरुस्त व्हावा.

मुंगी न मारता तिची वाट मोडणे, हाच गृहस्थाचा यत्नाचार होय.