दहावा मॉप

व्यासपीठावरचे ज्येष्ठ सहकारी, नांदेड-लातूर आणि शेजारच्या जिल्ह्यांतून आलेले सर्जन बंधू-भगिनींनो, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या निवासी डॉक्टर मित्रांनो,

आधी एक विनंती. पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. पाहुण्यांसाठी ठेवल्या असतील, पण पाहुणे येऊन बसलेत. तुम्ही पुढे या. मी थांबतो.

अध्यक्षाने आपल्या शाखेच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. मी तो बाजूला ठेवतो. मला एका रात्रीबद्दल सांगायचंय.

आतड्याला छिद्र पडलेला रुग्ण, पोटभर पू, पहाटेचे तीन वाजलेले. पोट धुऊन झालं, मी शिवायला घेतलं. समोर दुसऱ्या वर्षाची एक निवासी डॉक्टर रिट्रॅक्टर धरून उभी होती. म्हणाली, ‘सर, एक मॉप कमी आहे. स्टँडवर नऊ आहेत, फळ्यावर दहा लिहिलेत.’ मी म्हणालो, ‘खाली पडला असेल, बघायला सांग,’ आणि शिवत राहिलो. थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली. आवाज कापत होता. ‘खाली बघितलं सर. बादलीतही नाही.’ मी चिडलो. भूलतज्ज्ञांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे मी घातलेले टाके काढले. मॉप यकृताच्या वर, पार डायफ्रामखाली जाऊन बसला होता. रक्ता-पुवाने माखून तो आतल्या भागाच्याच रंगाचा झाला होता. डोळ्यांना दिसला नसता, हाताला लागला.

रुग्ण बरा होऊन घरी गेला. त्या मुलीला मात्र मी त्या रात्री ‘शाबास’ म्हणालो नाही. ते मला आजही बोचतं. आणि त्याहून जास्त बोचतो एक प्रश्न : पहिल्याच वेळी मी ओरडलो असतो, तर ती दुसऱ्यांदा बोलली असती का?

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षेची चेकलिस्ट २००८ साली आली. त्या कामाचं नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांच्याकडे होतं. त्यांच्या वडिलांचं गाव उटी, उमरखेड तालुक्यातलं. म्हणजे आपल्या हदगावहून पैनगंगा ओलांडली की पलीकडचा मुलूख. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, आणि मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आलं. २००९ च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव मात्र गावंडे यांचं नाही. ते डॉ. अ‍ॅलेक्स हेन्स यांचं आहे, आणि हेन्स तेव्हा सर्जरीचं शिक्षणच घेत होते.

त्या यादीत १९ मुद्दे आहेत. मॉप आणि सुया मोजणं त्यातच येतं. पण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो साधा मुद्दा : चीर देण्याआधी टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडलं, त्याला अडचणीच्या वेळी दुसऱ्यांदा उघडणं सोपं जातं. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी काय होतं, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. केस संपल्यावर एखादा ज्युनिअर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून एकोणीसच्या एकोणीस खुणा एका दमात करतो. फाइल पूर्ण होते, पण मोजणी झालेलीच नसते.

‘पोरांनी आधी हात तयार करावा, बदलाचं मग बघू,’ असं आम्ही ज्येष्ठ म्हणतो. मला हे पटत नाही. एमएस होऊन बंधपत्रावर किनवटला, मुखेडला, निलंग्याला गेलेला मुलगा तिथे पहिल्याच दिवशी सगळ्यांत सीनिअर असतो. गंभीर रुग्ण दोन तासांत शस्त्रक्रियेपर्यंत पोचावा, अशी अपेक्षा लॅन्सेटच्या आयोगाने २०१५ साली मांडली. किनवटहून नांदेड गाठायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. तिथे त्या मुलाला टोकणारं कोण? सिस्टर आणि वॉर्डबॉय. इथे प्रश्न विचारण्याची त्याला मोकळीक मिळाली नसेल, तर तिथे तो त्यांना तरी कसा विचारू देईल?

लातूरकरांना तरुणांची ताकद मी सांगायला नको. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं, तेव्हा पुण्यात शिकलेले तरुण सर्जन डॉ. अशोकराव कुकडे तिथे आले आणि १९६६ साली सहकाऱ्यांसह त्यांनी विवेकानंद रुग्णालय उभं केलं. २०१९ ला त्यांना पद्मभूषण मिळालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मला त्या आधीच्या वर्षांचा विचार जास्त येतो, जेव्हा त्यांच्या हातात फक्त डिग्री होती आणि विचारायला वर कोणी नव्हतं.

दोंडाईचाच्या डॉ. रवींद्र टोणगावकरांचं काम तर मी प्रत्येक बॅचला सांगतो. हर्नियाची जाळी गरिबाला परवडत नाही, म्हणून त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. खेड्यात असे जुगाड अनेक जण करतात आणि विसरून जातात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, कोणाला संसर्ग झाला, कोणाचा हर्निया पुन्हा आला ते लिहिलं आणि २००३ साली छापलं. पुढे युगांडात पद्धतशीर चाचणी झाली, २०१६ ला तिचे निष्कर्ष आले : अशी स्वस्त जाळी महागड्या जाळीइतकीच चालते. दोंडाईचाच्या रजिस्टरने ते आधीच सांगितलं होतं.

म्हणून माझं मागणं मोठ्या यंत्रांचं नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक सर्जरी विभागात महिन्यातून एकदा मृत्यू आणि गुंतागुंतीच्या केसेसची बैठक व्हावी, आणि ती निवासी डॉक्टरांनी चालवावी. कोणत्या केसेस घ्यायच्या, हेही त्यांनीच ठरवावं. विभागप्रमुखांनी शेवटी बोलावं. प्रश्न विचारला म्हणून कोणाचे इंटर्नल मार्क कमी होणार नाहीत, हे त्यांनी सगळ्यांदेखत सांगावं. आणि ती बैठक आढळलेल्या चुकीवर थांबू नये. पुढच्या महिन्यात काय बदललं, हे त्याच रजिस्टरात उतरलं पाहिजे.

उद्या सकाळी नऊचं पहिलं सत्र निवासी डॉक्टरांकडे आहे. पहिली केस माझी आहे, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीची. रुग्णाचं नाव झाकून सगळे कागद मी त्यांच्याकडे दिलेत. त्यातून काय दाखवायचं, ते मी विचारलेलं नाही. रात्री वाचून ठेवा आणि प्रश्न लिहून आणा.