सभोवारचा ध्वनी आणि आपले दोन कान



या व्यासपीठावर पंडितांनी वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत विषय मांडले आहेत. तेथे सातवीत शाळा सोडलेला, तेंदूपत्ता व बांबू मजुरांच्या संघटनेत केस पिकवलेला माझ्यासारखा माणूस ‘घरातल्या सिनेमाचा सभोवारचा ध्वनी’ हा विषय घेऊन उभा राहतो, याचे आपणांस नवल वाटत असेल. मजुरांच्या कार्यकर्त्याने मजुरीवर बोलावे, हे चैनीचे काय काढले, असेही कुणी म्हणेल. माझे उत्तर असे की, ज्या वस्तूवर आपला माणूस हप्त्याने पैसा घालतो, त्या वस्तूचे ज्ञान हा त्याच्या मजुरीचाच प्रश्न आहे.

गोष्ट भामरागडची. आमच्या संघटनेतल्या एका तरुणाने होम थिएटर घेतले. पाच लहान डबे आणि एक मोठा. खोक्यावर ‘5.1’ असा ठसठशीत आकडा. आठ दिवसांनी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “भाऊ, मागचे दोन डबे बोलतच नाहीत. दुकानदाराने गंडवले. मोर्चा नेऊ या.” मी म्हणालो, “मोर्च्याआधी मागणीपत्र लागते, आणि मागणीपत्राआधी माहिती लागते. पाच पूर्णांक एक म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे?” त्याला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. म्हणून मी शिकलो, आणि जे शिकलो ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम कानाची गोष्ट. आमच्या गावाजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. तेथे रात्री डोळे मिटून बसा. कोणते पाणी कुठल्या अंगाने वाहते, हे आपोआप कळते. रानात चालणारा माडिया माणूस पाचोळा वाजला की नेमका तिकडेच वळतो. हे कसे होते? ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो. डावीकडचा आवाज डाव्या कानी आधी पोहोचतो आणि उजव्या कानी किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. शिवाय मधे डोके आडवे येत असल्याने दूरच्या कानी तो थोडा मंदही पोहोचतो. या दोन फरकांवरून मेंदू दिशा ठरवतो. पुढचे की मागचे, हे ओळखण्यास कानाच्या पाळीचा आकार आणि मान वळवणे उपयोगी पडते. सभोवारच्या ध्वनीचे सारे शास्त्र या दोन कानांवर उभे आहे.

14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि आपला चित्रपट बोलू लागला. परंतु नट पडद्याच्या कोणत्याही टोकाला असो, आवाज एकाच जागेहून येई. त्याच वर्षी लंडनमध्ये अ‍ॅलन ब्लुमलाइन या अभियंत्याने दोन वाटांनी ध्वनी नोंदवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तोच पुढे स्टीरिओ म्हणून ओळखला गेला. 1940 साली डिस्नेच्या ‘फँटासिया’ने प्रेक्षकांभोवती ध्वनी खेळवून पाहिला, पण ती यंत्रणा इतकी महाग होती की थोड्याच थिएटरांत बसू शकली. आपल्याकडे 1975 साली ‘शोले’ 70 मिलिमीटरच्या पडद्यावर स्टीरिओ ध्वनीसह मुंबईच्या मिनर्व्हात लागला.

ज्याचे नाव आज प्रत्येक खोक्यावर छापलेले दिसते, तो रे डॉल्बी 1963 ते 1965 या काळात युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता. येथून परतल्यावर 1965 सालीच त्याने लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. पुढे त्याच्या कंपनीने फिल्मच्या कडेच्या दोन ध्वनिपट्ट्यांत चार वाटा गुंफल्या: डावी, मधली, उजवी आणि सभोवारची. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’ने ही पद्धत जगभर नेली. 1992 साली डॉल्बी डिजिटल आले, आणि 1993 साली ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस आले. डीटीएसची तऱ्हा निराळी. ध्वनी वेगळ्या तबकडीवर ठेवायचा, आणि फिल्मवर फक्त वेळेची खूण ठेवून दोघांची सांगड घालायची.

आता खोक्यावरचे आकडे. तेंदूपत्त्याच्या फडीवर आमच्या बाया-माणसांना मी तीन प्रश्न विचारायला शिकवतो. पुडकी किती? बांधणी कशी? आणि माल कोणत्या वाटेने गेला? येथेही हेच तीन प्रश्न विचारा.

पहिला, किती. 5.1 म्हणजे पाच पूर्ण वाटा: समोर डावी, मधली, उजवी आणि बाजूस किंचित मागे दोन. ‘पॉइंट एक’ म्हणजे गडगडाटाची वेगळी वाट. तीत 120 हर्ट्झपर्यंतचे खर्जाचे सूर असतात. खर्जाची दिशा कानाला नीट कळत नाही, म्हणून त्यास एकच डबा पुरतो. 7.1 मध्ये मागे आणखी दोन डबे येतात. 5.1.2 मधला शेवटचा आकडा डोक्यावरच्या डब्यांचा. 2012 साली आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसने हिशोबाची रीतच बदलली. पूर्वी चिठ्ठीवर ‘हा आवाज तिसऱ्या डब्यास द्या’ असे लिहिलेले असे. आता ‘पाखरू खोलीत अमुक जागी आहे’ एवढेच लिहितात. घरी डबे किती, ते पाहून वाटप यंत्र करते.

दुसरा, बांधणी. डॉल्बी डिजिटल आणि साधे डीटीएस हे दाबून बांधलेले गठ्ठे. त्यांत कानास सहसा न जाणवणारा काही भाग गाळलेला असतो. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ यांत काहीच गाळलेले नसते. गठ्ठा सोडला की मूळ माल जसाच्या तसा मिळतो. हे दोन्ही प्रकार ब्ल्यू-रे तबकडीवर सापडतात. इंटरनेटवरचे चित्रपट बहुधा डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतात.

तिसरा, वाट. प्रकाशाच्या केबलमधून दाबलेला 5.1 जातो, ट्रूएचडी जात नाही. त्यास एचडीएमआय हवी, आणि टीव्हीमधून परत आणायचे तर ‘ई-आर्क’ असलेली हवी.

आमच्या तरुणाचे दुखणे येथेच सापडले. त्याच्या टीव्हीत ‘पीसीएम’ हा पर्याय निवडलेला होता. टीव्ही गठ्ठा स्वतःच सोडी आणि प्रकाशाच्या केबलमधून फक्त दोन वाटा पुढे धाडी. मागच्या डब्यांच्या वाट्यास काहीच येत नव्हते. आम्ही पर्याय बदलला. मधोमध बसून, समोरचे दोन डबे प्रत्येकी 30 अंशांवर आणि बाजूचे 110 अंशांवर लावले. डबे बोलू लागले. दुकानदार निर्दोष होता. अज्ञानाच्या भरात मोर्चा नेला असता तर एका निरपराध माणसाच्या दारी आम्ही घोषणा दिल्या असत्या. कार्यकर्त्याने हे जन्मभर लक्षात ठेवावे.

परंतु त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली. पडद्यावर पाऊस सुरू झाला. मुले आनंदाने ओरडली. तो तरुण म्हणाला, “भाऊ, डावीकडून सर येते आहे, ऐकू येते ना?” मी ‘हो’ म्हणालो. ते खोटे होते. तरुणपणी मी काही वर्षे आरामशिनीवर काम केले. पाते माझ्या डाव्या बाजूस फिरत असे. तो कान केव्हा गेला, ते मला कळलेही नाही. हा बहिरेपणा दुखत नाही, रक्त येत नाही. आधी पाखरांचे बारीक आवाज जातात, मग माणसांचे शब्द पुसट होतात.

गोंगाटाने येणारा बहिरेपणा 1948 च्या कारखाने कायद्याच्या रोगांच्या यादीत नोंदलेला होता. आठ तासांना 90 डेसिबल, ही त्या कायद्याखालच्या नमुना नियमांतली मर्यादा होती. अमेरिकेतील आरोग्यसंशोधक 85 च धरतात, आणि दर तीन डेसिबल वाढीस वेळ निम्मी करावयास सांगतात. घरातला ध्वनी चढवणाऱ्यांनीही हा हिशोब ध्यानी ठेवावा. मी आयुष्यात कितीतरी मागणीपत्रे लिहिली. त्यांत मजुरी होती, बोनस होता, पिण्याचे पाणी होते. कान नव्हता. ही चूक मालकाची म्हणून सांगता येणार नाही. कागद माझ्या हातचे होते.

म्हणून बंधूंनो, होम थिएटर जरूर घ्या. श्रमणाऱ्यासही चार घटका रम्य वाटावे, यात पाप नाही. पण घेताना तीन प्रश्न विचारा. आणि चौथा प्रश्न आपल्या कारखान्यात विचारा: हा ध्वनी ऐकण्यास आमचे दोन्ही कान शाबूत राहतील, अशी तजवीज येथे आहे काय?

यंदाच्या मागणीपत्रात कानाच्या रक्षणाचे कलम मी पहिले घातले आहे. त्या तरुणालाही मी खरे सांगितले. आता तो मला उजवीकडे तोंड करून बसवतो, म्हणजे चांगला कान मागच्या डब्याकडे येतो. पाऊस मला अर्धाच ऐकू येतो, पण ऐकू येतो.