प्रतिकृतीच्या एंजिनाचा उजेड



नांदेड जिल्ह्यांतील हिमायतनगर, म्हणजे जुनें वाढोणें, हें मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील गांव. हा मार्ग पूर्वीं मीटरमापी होता, आतां रुंदमापी आहे. आणि वाफेचीं एंजिनें तर विसाव्या शतकाच्या अखेरीसच नित्याच्या वाहतुकींतून गेलीं. त्यांच्या लहान प्रतिकृति करणारे छांदिष्ट मात्र आहेत. पुण्यास भाऊसाहेब जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें, तें अशाच छंदाचें फळ.

या प्रतिकृतींत एक उणीव मला खटकते. पुष्कळांच्या कपाळीं पांढराशुभ्र दिवा झगझगतो आणि भट्टींतला तांबडा दिवा दिवाळींतल्या माळेसारखा एकसारखा लुकलुकत राहतो. खऱ्या एंजिनाची तऱ्हा निराळी होती. भट्टीचें दार बहुधा बंद असे. फायरमन कोळसा टाकण्यापुरतें तें उघडी. तेवढ्यांत प्रकाश त्याच्या तोंडावर, डोक्यावरील छपरावर आणि मागें वाहणाऱ्या धुराच्या पोटावर पडे. दार मिटलें कीं पुन्हां काळोख. नवा कोळसा पडतांच ज्वाला क्षणभर मंदावत. राखेच्या पेटीखालचा तांबूस उजेड मात्र स्लिपरांवर दिसत राही.

शिवाय धुराड्यांतून वाफेचा प्रत्येक ठोका सुटतांना भट्टींत हवा खेंचली जाई व निखारा फुले. दोन सिलिंडरांच्या एंजिनांत चाकाच्या एका फेऱ्यास असे चार ठोके. मीटरमापी वायपी एंजिनाचें चालकचाक सुमारें १.३७ मीटर व्यासाचें. म्हणजे ताशीं १५ किलोमीटर वेगास सेकंदाला जवळजवळ चार ठोके. गाडी सुटतांना या तालावर उजेड किंचित् वाढावा. वेग आल्यावर ताल डोळ्यांस कळत नाहीं, तेथें तो स्थिर ठेवावा.

कृति अवघड नाहीं. नारिंगी, तांबडा व पिवळा असे तीन एलईडी भट्टीच्या तोंडाआड बसवून लहानशा मायक्रोकंट्रोलरनें त्यांचा जोर अनियमितपणें कमीजास्त करावा. पुढच्या दिव्यास पिवळसर पांढरा एलईडी घ्यावा. बारा व्होल्टांवर ४,७०० ओहमांचा रोधक जोडल्यास त्यांतून सुमारें दोन मिलिॲंपियर प्रवाह जातो. तेवढा पुरे.

साध्या संचांत गाडी थांबली कीं रुळांतील वीज जाते आणि दिवाही विझतो. खऱ्या एंजिनावर असें होत नसे. तेथें बॉयलरवरील छोटें वाफेचें जनित्र वीज पुरवी. चाकें थांबलीं तरी तें गुणगुणत राही. डिजिटल पद्धतींत रुळांत वीज सतत असल्यामुळें ही अडचण उरत नाहीं. साध्या संचांत रेक्टिफायरमागें कपॅसिटर जोडून कांहीं क्षण निभावतात.

दार किती वेळ उघडें राही, चढावर निखाऱ्याचा रंग कोणता असे, हें मात्र कोणत्याही यंत्रांतून कळत नाहीं. रात्रीच्या छायाचित्रांतही तें उतरत नाहीं, कारण मंद उजेडांत कॅमेऱ्याची झडप फार वेळ उघडी ठेवावी लागते. तें ज्यांनीं पंचविशींत फावडें धरलें त्यांच्या आठवणींत आहे, आणि तेही आतां वृद्ध होत आहेत. मुदखेड, भोकर, हिमायतनगर, किनवट या बाजूस कोणी निवृत्त फायरमन आपल्या शेजारीं असतील, तर त्यांजकडे अवश्य जावें. दार उघडून कोळसा टाकून मिटण्याची कृति त्यांस हातांनीं करून दाखवावयास सांगावी, आणि घड्याळ लावून ते सेकंद मोजून घ्यावे.